दहा माणसं आणि अठ्ठेचाळीस जागा

पनवेल
१४ मे २०२५

प्रिय राफेल,

शालोम.

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या वयात इतक्या वर्षांनी घरचं पाकीट आलं की माणूस आधी मनातल्या मनात म्हाताऱ्यांची हजेरी घेतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

सख्ख्या भावाला मी सत्तावीस वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलतोस, ऐकत नाहीस. पत्राला मध्येच "बरं ते जाऊ दे" म्हणता येत नाही. माझा राग गेलाय असं समजू नकोस. तो जुना झालाय एवढंच, आणि जुन्या गोष्टी सांभाळायची मला सवय आहे.

काम अविटलचं आहे. माझी नात बारावी झाली हे तुला ठाऊकच असेल, कारण माझा मुलगा दर शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी तुला फोन करतो आणि मला न सांगितलेल्या गोष्टीही तुला सांगतो. पोरीला त्र्याण्णव टक्के मिळाले. आमच्या बिल्डिंगमध्ये त्र्याण्णव म्हणजे आता "बरे आहेत" असं म्हणतात. पेढे द्यायला गेले तर खालच्या सत्यवतीबाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "पुढच्या वर्षी परत बसणार का?"

तिला संख्याशास्त्र घ्यायचंय. तिला ते मनापासून आवडतं, लहानपणी रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर बेरजा करत घरी यायची. तिच्या बापाला, अवीवला, मात्र ते तुझ्याच कॉलेजात हवंय. फोर्टातल्या त्या दगडी कॉलेजात, दुसरीकडे कुठेही नाही.

का, ते तुला आठवत नसेल. बोलणाऱ्याला आठवत नाही. १९९८ साली आईला जाऊन वर्ष झालं म्हणून तू इस्रायलहून, अश्दोदहून आला होतास. त्याच आठवड्यात त्या कॉलेजची यादी लागली होती. एकोणनव्वदला बंद झाली आणि अवीवला सत्त्याऐंशी होते. जेवताना सगळ्यांसमोर तू हाडावरून मांस काढता काढता म्हणालास, "आपल्या घरात डोकं एकाच पिढीला मिळालं वाटतं." सगळे हसले. अवीव सगळ्यात मोठ्याने हसला. मग तो इथल्याच कॉलेजात बी.कॉम. झाला आणि न्हावाशेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे लागला. अजून तिथेच आहे.

तेव्हापासून मी तुला लिहिणं सोडलं आणि त्याने धरलं. मी पस्तीस वर्षं चौथीला शिकवलं. जो मास्तर सगळ्यात कमी शाबासकी देतो त्याच्याच टेबलाशी पोरं घुटमळतात, हे मी पाहिलेलं आहे. पण आपलंच पोर तसं करतं तेव्हा शहाणपण उपयोगी पडत नाही.

मागणं एवढंच आहे. गेल्या शुक्रवारी तू त्याला म्हणालास, "ती जाणारच, रक्तातच आहे." ते म्हणू नकोस. रक्त तपासून कोणी प्रवेश देत नाही, आणि नाही मिळाला तर ती पोर आपल्या रक्तातच काही कमी आहे असं समजेल.

रुथ


पनवेल
३० मे २०२५

प्रिय राफेल,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला कळलंय, कारण शुक्रवारी तू अवीवला विचारलंस, "तुझी आई बरी आहे ना?" इतकी वर्षं विचारलं नव्हतंस.

अविटलची प्रवेशपरीक्षा झाली. आता नुसते बारावीचे मार्क चालत नाहीत. कॉलेजची वेगळी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची मुलाखत, मग यादी. संख्याशास्त्राच्या जागा अठ्ठेचाळीस आणि परीक्षेला चार हजारांवर पोरं. तू जन्मभर विमा कंपनीत आकडेमोड केलीस, भागाकार तूच कर.

कॉलेजने एक गुळगुळीत पुस्तिका काढली आहे. तिच्या पहिल्याच पानावर किती जणांना प्रवेश नाकारला तो आकडा ठळक छापलाय. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्या बाजारातल्या एकाही मिठाईवाल्याने "आम्ही इतकी गिऱ्हाइकं परत पाठवली" अशी पाटी लावलेली मला आठवत नाही.

तू ज्या वर्षी त्या कॉलेजात गेलास त्या वर्षीचं मला सगळं आठवतं, कारण बाबांनी डबा धरायला मला बरोबर नेलं होतं. एस.टी.ने गेलो होतो. तू भौतिकशास्त्राच्या रांगेत उभा होतास आणि घामाने नीळ उतरून तुझ्या शर्टाची कॉलर निळी झाली होती. तेवढ्यात एक टक्कल पडलेले प्राध्यापक खोलीबाहेर आले आणि व्हरांड्यात ओरडले, "स्टॅटिस्टिक्सला कोणी येतंय का? दहा जागा आहेत अजून!" पळस्पे फाट्यावर सहासीटर रिक्षावाला "एक सीट, एक सीट" ओरडतो ना, अगदी तसं. रांगेतलं कोणी हललं नाही. बाबांनी तुला कोपराने ढकललं. प्राध्यापकांनी तुझं नाव विचारलं, गाव विचारलं, रोज येशील का विचारलं, आणि मुलाखत संपली. मार्कांचा कागद त्यांनी घडी उघडूनसुद्धा पाहिला नाही. परतीच्या वाटेवर तू बाबांना विचारलंस, "पण स्टॅटिस्टिक्स म्हणजे काय?"

पनवेलला उतरेपर्यंत तू हुशार झाला होतास. आईने मशिदीत सगळ्यांना सांगितलं. (अविटल मशीद म्हटलेलं ऐकून वैतागते. म्हणते, "आजी, सिनेगॉग म्हण, मैत्रिणींना कळत नाही.")

कॉलेज तेव्हा सोपं होतं असंही मी म्हणत नाही. माझ्या मते नाकारायचं काम तेव्हा कॉलेजला करावंच लागत नसे. एस.टी.चं तिकीट आणि घरातले वडील ते आधीच उरकून टाकायचे. तुझ्या दोन वर्षं आधी मी मॅट्रिक झाले तेव्हा मला चौसष्ट टक्के होते. पण तो विषय निघाला नाही, मी इथेच डी.एड. केलं. आता पोरगी पलंगावर बसून मोबाइलवरून चौदा कॉलेजांना अर्ज करते. एकच पोर चौदा रांगांत उभी. मग प्रत्येक कॉलेजला आपली रांग मोठी वाटते, आणि प्रत्येक पोरीला आपण लहान.

आता तुझ्या भाच्याचा नवा उद्योग सांगते. त्याने अविटलच्या प्रवेशासाठी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचं ताट लावून प्रार्थना करायचा नवस केलाय. नवसाला माझी हरकत नाही. पण आपल्या घरात दहा पुरुषांशिवाय मलिदा होत नाही, हा आजोबांचा हट्ट तुला माहीत आहे. तू इस्रायलला गेलास तेव्हा दहा माणसं हाक मारली की जमायची, अकराव्याला दारात उभं राहावं लागायचं. आता पनवेलात आमच्या ओळखीचे धडधाकट पुरुष चार. बाकीचे तुमच्याकडे. जूनमध्ये ठाण्याला एक लग्न आहे, त्या निमित्ताने पाहुणे येणार आहेत, म्हणून अवीवने त्यांना गाठून बावीस जूनची तारीख पक्की केली. यादी अजून लागायची आहे.

मी म्हटलं, "अरे, आधी मिळू दे, मग आभार मान."

तो म्हणाला, "आई, यादी कधीही लागेल. दहा माणसं पुन्हा कुठून आणू?"

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना.

म्हणून आता नीट मागते. येत्या शुक्रवारी अवीवला सांग की तुला प्रवेश कसा मिळाला. तो टकला प्राध्यापक सांग, बाबांचं कोपर सांग. तुझे मार्क मला पाठ आहेत, पण ते मी सांगणार नाही, तुझे तू सांग. त्याच्या डोक्यात तू एका मोठ्या भिंतीवरून उडी मारलीस असं आहे. तिथे तेव्हा दार उघडं होतं, एवढं त्याला कळलं की तो पोरीला भिंतीवर आपटणार नाही.

रुथ


पनवेल
१७ जून २०२५

राफेल,

तुमच्याकडच्या लढाईमुळे विमानं बंद आहेत, टपाल बंद आहे. ही पानं इलाना मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवील. सून म्हणते, "आई, मी वाचणार नाही." वाचेल. इलाना, वाचलंस तर भाजीकडे बघ, करपते आहे.

आधी तुमचं. टीव्हीवर दाखवतात ते मी पाहत नाही, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. तुझा नातू एलाद अविटलला मेसेज करतो. सायरन वाजला की तुम्ही तळघरातल्या खोलीत उतरता आणि तू जिने उतरायला कटकट करतोस, असं कळलं. कटकट न करता उतर. मला काळजी वाटते. तुझ्यावर रागावलेल्या माणसालाही काळजी वाटू शकते, दोन्ही एकाच घरात राहतात.

आता इकडचं. यादी लागली. अविटलचं नाव नाही. मुलाखतीपर्यंत गेली होती, प्रतीक्षायादीत एकशे बारावी आहे. एकशे बारा जणांनी अठ्ठेचाळीस जागा कशा सोडाव्यात, ते तिने मला गणित मांडून दाखवलं आणि शेवटी हसून म्हणाली, "आजी, साथ आली पाहिजे."

त्यानंतर ती फारशी हसलेली नाही. खोलीचं दार लावून बसते. भुवईचे केस उपटायची सवय लागली आहे, डावी भुवई अर्धी गेली. करंजाहून मासे घेऊन येणारी किशोरी काल दारात टोपली उतरवून मला म्हणाली, "काय वो बाय, पोर सुकटीवानी सुकली हाय. जेवत नाय का?" मी म्हटलं, परीक्षेचं आहे. ती म्हणाली, "परीक्षा झाली ना? मंग आता काय हाय?"

आता काय आहे, ते तू केलंस. अवीवने तुला फोन केला आणि तू म्हणालास, "वर्ष ड्रॉप घ्यायला सांग. पुढच्या वर्षी परत बसेल. आम्ही हार मानली नसती." हे त्याने मला जेवताना सांगितलं, पोरगी समोर होती. वाशीला क्लास शोधलाय. म्हणजे वर्षभर सकाळी क्लास, दुपारी ते बंद दार, आणि वर्षाच्या शेवटी चार हजारांचे पाच हजार झालेले. इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र आहे, जागा आहेत, तीस तारखेपर्यंत प्रवेश चालू आहे. अविटलला तिथे जायचंय. तिने बापाला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, "मी गेलो होतो तिथे. मला माहीत आहे तिथे गेलं की काय होतं."

राफेल, मी आता चिडले आहे, ते सरळ लिहिते. "आम्ही हार मानली नसती" म्हणजे काय? तुला हरायला कोणी बोलावलं होतं? तुझ्या आयुष्यात एकदा एक माणूस व्हरांड्यात येऊन "कोणी येतंय का" म्हणाला, त्यावर तू पन्नास वर्षं मानाने जेवलास. जेव, माझी ना नाही. पण त्या ताटातलं खरकटं माझ्या नातीच्या अंगावर टाकू नकोस.

बावीसचा मलिदा अवीवने रद्द केलेला नाही. सगळ्यांना सांगून झालंय, नाही म्हणायची त्याला लाज वाटते. कशाबद्दल आहे विचारलं तर काय सांगणार, हे मी त्याला विचारलं. तो पोहे आणायला निघून गेला.

रुथ


पनवेल
२४ जून २०२५

प्रिय राफेल,

मलिदा झाला. कसा झाला ते तुला कळायला हवं, कारण तू त्यात होतास.

सकाळपासून इलाना आणि मी खोबरं खवत होतो. पोहे भिजवले, साखर, वेलची, पाच फळं, सगळं रीतसर. ताट भरलं की घरात कसा वास येतो तुला आठवत असेल. अविटल न बोलता बदामाची सालं काढत होती.

संध्याकाळी आठ माणसं आली, अवीव धरून नऊ. दहावा, म्हणजे ठाण्याच्या नवरदेवाचा काका, कळंबोली सर्कलला अडकला होता. लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रेलर आडवा झालेला. अवीव बाल्कनीतून आत, आतून बाल्कनीत. त्याचं ते "दहावा कुठे आहे, दहावा कुठे आहे" ऐकून अविटल स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तिकडे चार हजार होते म्हणून मला घेतलं नाही. इकडे नऊच आहेत, तरी मला धरत नाहीत." मी तिला गप्प केलं नाही. नियम नियमाच्या जागी, पण बोलायला तिला बंदी नाही.

वाट बघता बघता गप्पा निघाल्या. ठाण्याचे हझानकाका प्रार्थना चालवायला आले होते, भला माणूस. त्यांनी सहज विचारलं, "मग पोरीला कुठे मिळालं?"

अवीव म्हणाला, "तिथेच. मामाच्या कॉलेजात."

मी ते कानांनी ऐकलं. इलाना पाण्याचा ट्रे घेऊन तशीच आत वळली. सगळ्यांनी मझल टोव म्हणून अभिनंदन केलं, एकाने अवीवच्या पाठीवर थाप मारली, एकजण म्हणाला, "राफेलचं रक्त आहे, जाणार कुठे?" अवीव हसत होता. राफेल, तेच हसणं होतं. अठराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर हसला होता ना, तेच. मी दाराशी उभी होते. माझ्या मुलाला आठ माणसांसमोर खोटं पाडणं मला जमलं नाही.

मग दहावा आला, घामाघूम. सगळे बसले, टोप्या घातल्या, दिवा लावला. हझानकाकांनी ताट समोर ओढलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या नावाने? कशाबद्दल?"

अवीवने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. माणसांशी खोटं बोलून झालं होतं. एलियाहू हन्नाबीच्या ताटासमोर जीभ रेटेना.

तेव्हा अविटल दारातून म्हणाली, "मामाआजोबांच्या नावाने. अश्दोदला आहेत. तिकडे सायरन वाजतायत, ते नीट राहावेत म्हणून."

सगळे तिच्याकडे वळले. ती घाबरली नव्हती. पुढे म्हणाली, "आणि काका, माझी ॲडमिशन झालेली नाही. बाबांना वाटलं होतं होईल. सगळ्यांनाच वाटलं होतं."

अवीव ताटाकडे बघत होता. हझानकाकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग, देव त्यांचं भलं करो, त्याला एक अक्षर न विचारता ते अविटललाच म्हणाले, "नाव सांग, बाळा."

"राफेल."

"वडिलांचं?"

तिला येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राफेल बेन शालोम." तुझं नाव इतक्या वर्षांत मी मोठ्याने घेतलं नव्हतं. तिथे घेतलं.

त्या दहा जणांतल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे आहे. मग एकेकाने नाव घातलं. कुणाची बहीण, कुणाचे दोन मुलगे, हझानकाकांची नातवंडं. नावं संपेनात. इतका मनापासून मलिदा मी आपल्या घरात पाहिलेला नाही, आणि मी सत्तर वर्षं पाहते आहे.

माणसं गेल्यावर अवीव पोरीशी बोलला नाही. रागावलाय की शरमलाय, त्याचं त्यालाही कळत नसावं. वाशीच्या क्लासचा फॉर्म टेबलावर आहे, त्यावर त्याची सही झालेली आहे.

सगळं लिहिलं. आता मी काही मागत नाही. ज्या पोरीला "हार मानू नकोस" म्हणालास, तिने तिच्या वाटचं ताट तुझ्या नावाने लावलं. पुढचं तू बघ.

रुथ


पनवेल
२ जुलै २०२५

प्रिय राफेल,

तू शुक्रवारी फोन केलास. तुमच्याकडे लढाई थांबली आहे हे आधी कळलं होतंच, पण तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. म्हातारा झालाय आवाज. माझाही झाला असेल.

अवीवने स्पीकर लावला होता. तू टकल्या प्राध्यापकाची गोष्ट सांगितलीस, छान सांगितलीस, बाबांचं कोपर विसरला नाहीस. पण अवीवचा चेहरा तुला दिसला नाही म्हणून सांगते. तो कौतुकाने हसत होता. मोबाइलवर हात ठेवून मला म्हणाला, "मामांचा मोठेपणा बघ. पोरीला बरं वाटावं म्हणून स्वतःला लहान करतायत." मी कपाळावर हात मारायची बाकी होते. माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की तो खाली उतरतानाही भक्तांना चमत्कारच दिसतो.

मग अविटल पुढे झाली आणि विचारलं, "मामाआजोबा, मॅट्रिकला किती टक्के होते तुम्हाला?"

तू थांबलास. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास, "एकोणसाठ."

राफेल, अवीवने हे कधी विचारलंच नव्हतं. आपल्या घरात तू कॉलेजात गेलास एवढंच सांगितलं जायचं, किती मार्कांवर ते कोणी सांगत नसे. तू पुढे म्हणालास, "अवीव, तुझे मार्क घेऊन तू माझ्या वेळी आला असतास, तर ते प्राध्यापक तुला रांगेतून हाताला धरून आत घेऊन गेले असते. आणि त्या दिवशी मी टेबलावर जे बोललो ते मला आठवतं. बोलल्यापासून आठवतं." हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मी पहिल्या पत्रात तुला विसरभोळा ठरवलं होतं, ते मागे घेते.

फोन ठेवल्यावर अवीवने मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "सत्त्याऐंशी होते मला." कोणाला उद्देशून नाही, नुसतंच. इलानाने मेणबत्त्या लावल्या. तो जेवला, किद्दुशचा द्राक्षरसाचा पेलाही त्यानेच धरला, पण डोळे वर केले नाहीत.

शनिवारी काही झालं नाही. रविवारी तो दिवसभर झोपला. मी मनात म्हटलं, झालं, तीस तारीख जाणार. सोमवारी सकाळी तो ऑफिसला गेला नाही. अविटलला म्हणाला, "कागद घे." एवढंच. दोघं स्कूटरवरून गेली, दुपारी आली. इथल्या कॉलेजात तिचा प्रवेश झाला. वाशीचा फॉर्म कुठे गेला मी विचारलं नाही.

खूश आहे का तो? नाही. हरलेल्या माणसासारखा हिंडतो. पोरगी मात्र जेवते.

रुथ


पनवेल
२० जुलै २०२५

प्रिय राफेल,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे. बाकी जे लिहिलंस त्याचं उत्तर मी फोनवर देईन. आता मध्ये तोडलंस तरी चालेल.

अविटलचं कॉलेज सुरू झालं. संख्याशास्त्राला अकरा जणं आहेत. बाई तरुण आहेत, स्वतःच्या पैशाने फासे आणि पत्ते घेऊन येतात आणि वर्गात खेळवून शिकवतात. अविटल घरी येऊन आम्हाला फासे टाकायला लावते आणि वहीत टिपते. डाव्या भुवईवर खुंट आलेत.

अवीवचं एक तुला सांगायचं राहिलं होतं. तो कुठल्या कॉलेजचा, हे तो कधी सांगत नाही. कोणी विचारलं तर "मुंबई युनिव्हर्सिटी" म्हणतो. खोटं नाही, आपलं कॉलेज युनिव्हर्सिटीच्याच हाताखाली आहे. पण लोकांना फोर्टातली ती दगडी इमारत डोळ्यांसमोर यावी, अशा बेताने म्हणतो. लग्न ठरताना इलानाच्या वडिलांनाही त्याने तेच सांगितलं होतं. पंचवीसेक वर्षांत तो इथल्या कॉलेजच्या गेटातून आत गेला नव्हता. बाजारात जायचं तर लांबचा रस्ता घ्यायचा. मी पाहत होते, बोलत नव्हते.

पहिल्या दिवशी अविटलला सोडायला तोच गेला. मला वाटलं गेटाशी उतरवून पळून येईल. तासभर आला नाही. नंतर अविटलने सांगितलं, बाबा आत आले, सायकलस्टँडच्या मागची एक खोली दाखवली आणि म्हणाले, इथे आमचा अकाउंट्सचा वर्ग भरायचा, पावसात छत गळायचं, तेव्हा आम्ही छत्र्या उघडून बसायचो. मग एकटेच हसत राहिले. तिने वडिलांच्या तोंडून कॉलेजची अशी एकही गोष्ट याआधी ऐकली नव्हती. मीही नाही.

आज सकाळी किशोरी आली. मी टोपलीतला हलवा मासा निवडत होते, अवीव आत दाढी करत होता. किशोरीने पावशेर वजन टाकता टाकता विचारलं, "पोर दिसत नाय. कालेजात जाते का? कंच्या?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, जरा मोठाच. "माझ्या कॉलेजात."

माझा हात माशावरच थांबला. किशोरीला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिने काटा उचलला आणि म्हणाली, "बरा झाला. जवल हाय."

तुझी,
रुथ